रेडकाच्या वाटणीचं दूध

"वाजवणाऱ्यांची तोंडं बघून ठिव, वर्षे. जाताना वाजवत्यात, तीच मागनं पाठ फिरवत्यात."

झुंबरमावशी हे म्हणाली तेव्हा तिचं डोकं म्हशीच्या कुशीला टेकलेलं होतं आणि दोन्ही हात कासेत होते. माझ्या एका हातात पेढ्यांचा बॉक्स, कडेवर माझी लेक पुन्नी. चौकात तालमीची पोरं यशराजचा फ्लेक्स बांधत होती. 'आमच्या पेठेचा वाघ निघाला आफ्रिकेला'. निळ्या टोपीतला माझा नवरा मधे, आणि भोवतीनं शुभेच्छुकांचे फोटो. सगळ्यात मोठा फोटो तालमीच्या आण्णांचा होता, नवऱ्यापेक्षाही मोठा.

"मावशी, लढाईला नाही चालले ते," मी म्हटलं. "शांतिसेना आहे. युनोची."

"आमच्या ह्येंचंबी शांतिसेनाच हुतं नाव."

मी हसले आणि पेढा पुढे केला. तिचे हात दुधाचे होते. "ठिव त्या रेडकाच्या तोंडात," ती म्हणाली. मी खरंच ठेवला. रेडकू जीभ फिरवत माझ्याकडं बघत राहिलं आणि पुन्नी खिदळली. म्हातारी माणसं अशीच कडू बोलतात, असं मनाशी म्हणून मी पुढच्या घरी पेढे द्यायला गेले. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलेली मी. शांतिसेनेवर परीक्षेत टीप लिहिली होती, चांगले गुण पडले होते. त्या टिपेत श्रीलंकेला एक ओळ होती.

गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, धार थेट ग्लासात पडते, आणि माणसं फेस मिशीला लावून तिथंच उभ्याउभ्या पितात. झुंबरमावशी तरणी असल्यापासून तिथं आहे, पिंपळाच्या बाजूला. पैलवानांना देते, कॉलेजच्या पोरांना देते, अंबाबाईला आलेल्या पावण्यांना देते. आण्णांना देत नाही. आण्णा रोज येतात. पांढरी टोपी, पांढरी विजार, हातात काठी. तिच्या म्हशीपुढून जातात आणि शेजारच्या धोंडुबाईकडं पितात. दोघं एकमेकांकडं बघत नाहीत. कुठल्यातरी गटारीवरून जुनं भांडण असेल, असं मला वाटायचं.

यशराज गेल्यावर मी पुन्नीसाठी दूध आणायला मावशीच्या गोठ्यातच जाऊ लागले. घरी बसलं की मनात नाही नाही ते यायचं. एका दुपारी ती म्हशीच्या कानामागचे गोचीड काढत होती तेव्हा मी विचारलं, आण्णांनी तुमचं काय केलंय?

गोचीड दगडावर ठेवून तिनं नखानं चिरडला.

"सत्त्याऐंशी साल. लंकेला निघालते ह्ये. हलगी हुती, लेझीम हुतं. आण्णानं सवताच्या डोक्याचा फेटा सोडला आन ह्येंच्या डोक्याला बांधला. तालमीच्या फळ्यावर खडूनं नाव लिवलं, जवान आकाराम. सगळी पेठ वरडत हुती, जा, दावा त्येंना. मला तर वाटलं, माझं परत लगीन लागतंय."

"मग?"

"मग काय. पेपरात यायला लागलं, आपली पोरं तिकडं का म्हणून मरायची. चहाच्या गाडीवर त्येच, पाण्याच्या नळावर त्येच. मला बाया इचारायच्या, तुझा नवरा का गं गेला तकडं? जसं काय ह्येंनी सवताच्या मनानं तिकीट काढलं हुतं. त्यातच मडकं आलं."

"मडकं?"

"अस्थीचं. जाळलं तिकडंच. हवालदार घिऊन आलता. ठेसनावर मी आन माझा भाऊ शाहूवाडीचा, दोघंच. पिशवीत घातलं आन सिटी बसनं आणलं. कंडक्टर म्हणतोय, बाई, पिशवी खाली ठिवा, माणसं उभी हायत. मी न्हाय ठिवली."

तिनं दुसरा गोचीड काढला.

"बस तालमीपुढं थांबली. आण्णा कट्ट्यावर बसलाता. माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. आन हातातला पेपर वर धरला, तोंडाम्होरं."

तालमीच्या दारात एक काळा दगड आहे. पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढायांत गेलेल्या पेठेतल्या जवानांची नावं त्यावर कोरलेली आहेत. पंधरा ऑगस्टला त्याला हार घालतात. आकारामचं नाव त्यावर घालायचं का, म्हणून तालमीत बैठक झाली होती. आण्णा तेव्हा नगरसेवक व्हायच्या नादात होते. 'परक्याच्या भांडणात गेला तो. दगडावर नाव कशाला?' असं ते म्हणाले, आणि उठून त्यांनी फळासुद्धा पुसला. मावशी बाहेर, दाराशी उभी होती. बायकांना तालमीत जायची रीत नव्हती.

"तवापासनं माझ्या म्हशीची धार त्येच्या नशिबात न्हाय," ती म्हणाली. "आमा गवळ्याकडं दुसरं काय हाय गं?"

त्या दिवसापासून मी आण्णांकडं नीट बघायला लागले.

पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी टीव्हीवर आलं. आफ्रिकेत आपल्या तुकडीवर हल्ला, काही जवान जखमी. नावं नव्हती. यशराजचा फोन लागत नव्हता. दिवसभर मी एक हात फोनवर आणि एक हात पुन्नीच्या पाठीवर ठेवून बसले. संध्याकाळ झाली तरी लेकराला दूध लागतंच, म्हणून तिला घेऊन कट्ट्यावर गेले. गल्लीतून जाताना लोक बोलायचे थांबत होते. चौकातल्या फ्लेक्सची एक दोरी सुटली होती आणि कोपरा यशराजच्या तोंडावर फडफडत होता. तो बांधायला कुणी वर चढलं नव्हतं.

कट्ट्यावर आण्णा धोंडुबाईच्या म्हशीपाशी उभे राहून एका परगावच्या माणसाला सांगत होते.

"पावणं, डॉलर मिळत्यात तिकडं. हौसेनं जात्यात पोरं. आता तुमीच सांगा, परक्याच्या भांडणात आपण का मरायचं? मी तवाबी ह्येच म्हनलोतो, लंकेच्या टायमाला. माझं कोण ऐकतंय."

मग त्यांना मी दिसले. आवाज मऊ झाला. "काय गं पोरी, लागला का फोन?"

त्यांच्या त्या मऊ आवाजाचा मला जास्त राग आला. शिवी दिली असती तर चाललं असतं. मी नाही म्हणून मान हलवली. आजूबाजूची माणसं आपापल्या ग्लासात बघत होती. फ्लेक्स बांधणाऱ्यांतले दोघे तिथंच होते, बाइकला टेकून. मी सगळी तोंडं बघून घेतली.

मावशीचा हात कासेवर थांबला होता. धार थांबली म्हणून म्हशीनं मान वळवून मागं बघितलं. मग मावशीनं पुन्नीचा ग्लास भरला, माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "ऐकलंस न्हवं? एक शब्दबी बदलला न्हाय बघ."

यशराजचा फोन दुसऱ्या दिवशी आला. दंडात छर्रा घुसला होता, बाकी बरं होतं. "पुन्नीला दे," तो म्हणाला. पुन्नी फोनला पापे देत राहिली आणि मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. तोपर्यंत फ्लेक्स उतरला होता. एका वडापावच्या गाडीवाल्यानं तो पावसाला छप्पर म्हणून बांधला. वडा घेताना वर बघितलं की माझा नवरा उलटा दिसायचा.

आणि मग वारं परत फिरलं. यशराजच्या तुकडीनं गोळीबारातून बायका-पोरांना गाडीत घालून बाहेर काढलं होतं, त्याचा व्हिडिओ कुणीतरी बाहेर आणला. एका बाळाला छातीशी धरून पळणारा जवान माझा नवरा होता. चॅनलवर दिवसभर तेच. आता पेठेत जो तो म्हणू लागला, जगात कुठंबी पेटू दे, आपली फौज पाठवायलाच पायजे. चहाच्या गाडीवर पोरं नकाशा काढून कुणीकडून घुसायचं ते ठरवत होती. नवा फ्लेक्स आला, पहिल्यापेक्षा मोठा. या वेळी आण्णांच्या शेजारी त्यांचा मुलगा उदयसिंह हात जोडून उभा होता. महापालिकेची निवडणूक आली होती.

दोघं एका सकाळी मावशीच्या गोठ्यात आले. मी तिथंच होते, दुधाचं भांडं घेऊन.

"बसा की आण्णा," मावशी म्हणाली. "खुर्ची न्हाय. कडब्याच्या पेंडीवर बसा."

आण्णा बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "झुंबर, झालं गेलं गंगेला मिळालं. आकारामचं नाव दगडावर घालायचं ठरवलंय. पाथरवटाला सांगून आलोय."

मावशी शेणाची पाटी घेऊन वाकली होती. ती सरळ झाली. हात पदराला पुसले. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. बाजारात हरवलेलं पोर लांबून दिसल्यावर बाईचा होईल तसा.

"कवा?"

"कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी. तुझा आन ह्या वर्षाराणीचा सत्कार घेतलाय कट्ट्यावर. तू फक्त एक करायचंस. तुझ्या हातनं मला एक ग्लास द्यायचास, समद्यांच्या म्होरं."

"वीरपत्नीच्या हातचं धारोष्ण दूध," उदयसिंह म्हणाला. "चॅनलवाले येणार आहेत, मावशी."

"त्यो परक्याच्या भांडणात मेला न्हवं?" मावशीनं विचारलं. सहज, भाव विचारावा तसं.

आण्णांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तवा सगळं गावच तसं म्हणत हुतं की झुंबर. मी एकटा काय करणार हुतो?"

"गाव म्हणत हुतं. फळा तुमी पुसला."

रेडकू दावं ताणून आईकडं जायला बघत होतं.

"देतीस का न्हाय, तेवढं सांग."

"बघू," मावशी म्हणाली.

ते गेल्यावर ती पेंडीवर बसली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. "डोळं हायत तवर बघायला मिळावं, असं वाटतं गं," ती म्हणाली. "हात फिरवून तर बघीन. अक्षर कळत न्हाय, पर हाताला कळंल की."

मी म्हणायला हवं होतं, द्या मावशी, एक ग्लास तर आहे. ते ओठांवर आलंही होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ते मऊ तोंड होतं, 'लागला का फोन' विचारणारं. मला त्या तोंडाचं काहीतरी व्हायला हवं होतं. मी भांडं उचललं आणि घरी आले.

कार्यक्रमाला सगळी पेठ लोटली. पिंपळाला लाइटच्या माळा, माइक, हलगी. मला शाल-श्रीफळ दिलं, पुन्नीच्या डोक्यावर निळी टोपी घातली. मग निवेदकानं घसा ताणून सांगितलं की आता वीरपत्नी झुंबरबाई आपल्या हातानं आदरणीय आण्णांना दूध देणार आहेत. आण्णांसाठी उदयसिंहनं हुपरीहून खास चांदीचा ग्लास करवून आणला होता. आण्णा तो उजेडात धरून पुढे आले. मी फोनवर शूटिंग सुरू केलं.

मावशी उकिडवी बसली. कास धुतली, हातानं चोळली, म्हैस पान्हावली. पहिली धार रोजच्यासारखी भुईला सोडली.

"वाका की आण्णा. ग्लास धरा."

आण्णा गुडघ्यावर एक हात ठेवून वाकले. चांदीचा ग्लास कासेखाली धरला. सगळे कॅमेरे खाली आले. मावशीनं डावा हात मागं नेला आणि खुंटीचं दावं सोडलं.

रेडकू धावत आलं. आण्णांच्या हाताला ढुशी देऊन त्यानं ग्लास बाजूला सारला आणि सड तोंडात धरला. लोक हसले. निवेदकही हसला. "म्हस पान्हा चोरायच्या आधी त्याला बांधा रं," मागून कुणीतरी ओरडलं. तालमीतलं एक पोर दावं धरायला पुढे झालं.

"हात लावू नगं," मावशी म्हणाली. "पिऊ दे त्येला."

तेव्हा हसणं थांबलं. रेडकू ढुशा देत पीत होतं. एक सड सोडून दुसरा धरत होतं, तोंडातून फेस गळत होता. निवेदक दोन वाक्यं बोलला, मग त्यालाही सुचेना. हलगीवाल्यानं हलगी काखेत धरली. आण्णा वाकलेलेच होते. सरळ व्हावं तर ग्लास रिकामा दिसतो, वाकून राहावं तर कंबर दुखते. रेडकाच्या पिण्याचा चप-चप आवाज माइकवरून सगळ्या गंगावेशीत जात होता. मला वाटत होतं, हे संपूच नये. माझा हात जरासुद्धा हलला नाही.

पोट भरल्यावर रेडकू आपणहून बाजूला झालं. मावशीनं एकेक सड पिळून दाखवला. थेंब आला नाही.

"झाली," ती म्हणाली. "आण्णा, माझी म्हस तुमाला परकी. परक्याचं कशाला पिताय?"

आण्णा सरळ झाले. तोंड लाल झालं होतं. माइकपासून लांब, फक्त जवळच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मग त्यो दगड इसर."

"दगड तुमचाच हाय," मावशी म्हणाली. "ठिवा तुमाला."

तिनं म्हैस सोडली आणि गर्दीतून वाट काढत घरी नेली. म्हशीला कुणी वाट दिली नाही असं कोल्हापुरात होत नाही.

तो व्हिडिओ मी माझ्या नावानं टाकला. आण्णा रिकामा ग्लास धरून वाकलेत, एवढाच तुकडा रंकाळ्यापासून शिरोळपर्यंत फिरला. लग्नात पोरं एकमेकांपुढं रिकामा ग्लास धरून फोटो काढायला लागली. आण्णा कट्ट्यावर यायचे बंद झाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पण उदयसिंह निवडून आला. लोकांनी पोट धरून हसून घेतलं आणि जाऊन मत त्यालाच दिलं. दगडावर नाव लागलं नाही. पिंपळाजवळच्या मावशीच्या जागेवर रोज संध्याकाळी बाइक लागायला लागल्या, कुणाच्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती सरकत सरकत पार टोकाला, गटारीजवळ गेली. गिऱ्हाईक कमी झालं. "रेडकाची चैन हाय आता," ती म्हणायची. दगडाबद्दल ती परत कधी बोलली नाही. फक्त तालमीपुढून जाताना पूर्वी तिकडं बघायची, ते आता रस्त्याकडं बघून चालायची. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

यशराज परत आला तोवर आफ्रिका सगळे विसरले होते. चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता. स्टेशनवर मी आणि पुन्नी दोघीच उभ्या होतो. गाडी आली आणि बघते तर पलीकडच्या खांबाला टेकून झुंबरमावशी. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. त्या मडक्यानंतर ती स्टेशनात पाय ठेवत नव्हती, हे मला तिच्याच तोंडून माहीत होतं.

ती यशराजच्या पुढ्यात आली. त्याच्या दंडाला हात लावून बघितलं, जिवंत आहे का बघावं तसं. मग त्याच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली. रिक्षात ती बॅग मांडीवर घेऊन बसली. यशराज म्हणाला, "मावशी, जड आहे, खाली ठेवा." ती बाहेर बघत राहिली. बॅग तिनं आमच्या दारात पोचल्यावर दिली, आणि तीसुद्धा त्याच्या हातात.

आता आम्ही लांब, उत्तरेत आहोत, लष्कराच्या क्वार्टर्समध्ये. इथं टीव्हीवर परत कुठंतरी सैन्य पाठवायचं चाललंय. शेजारणी टाळ्या वाजवतात. मी टाळ्या ऐकत नाही, तोंडं बघते. पुन्नीला पिशवीतलं दूध चालत नाही, ती ग्लास ढकलून देते.

मावशीला मी दर रविवारी फोन करायचे. हल्ली तो वाजतो आणि बंद होतो. गल्लीत विचारलं तर म्हणतात, "असंल की, कुठं जातीया." कुणी जाऊन बघत नाही. यशराजला सुट्टी नाही आणि मला एकटीला पोर घेऊन एवढ्या लांब येणं जमेना.

म्हणून तुम्हाला सांगते. कोल्हापुरात असाल, नाहीतर अंबाबाईला आलात, तर एका संध्याकाळी गंगावेशीत जा. पिंपळापाशी थांबू नका. पार टोकाला, गटारीच्या अंगाला, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेली एक म्हातारी, आपली म्हैस घेऊन, बसलेली आहे का ते बघा. नसेल तर धोंडुबाईला विचारा आणि मला कळवा. असेल तर एक ग्लास मागा. ती आधी तुमचं तोंड बघेल, बघू द्या. आणि पिऊन झाल्यावर ग्लास खाली ठेवू नका. तिच्या हातात द्या.